बिडाचा तवा: नऊ महिने रोज वापरल्यावर

जानेवारीत घेतलेला हा तवा, मुद्दाम पावसाळा जाऊ दिला आणि मग लिहायला बसले, कारण बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या भांड्याचं काय ते जून ते सप्टेंबरातच कळतं आणि आम्ही राहतो डोंबिवलीत, इथे त्या दिवसांत बरणीतलं मीठसुद्धा ओलं होतं. 10 इंची, सपाट, एका बाजूला दांडा, घरच्या काट्यावर 2 किलो 300 ग्रॅम भरला. सिझनिंग (तेलाचा पातळ थर तापवून बसवणं) न केलेला, करडा असतो तो घेतला.

घ्यायला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा, दुकानात दोन्हीला लोखंडी तवाच म्हणतात पण भाकरीचा तवा पत्र्याचा असतो, हातातून पडला तर फार फार तर पोचा येतो. बीड ओतीव असतं, त्यात 2 ते 4 टक्के कार्बन असतो, त्यामुळे कडक पण ठिसूळ, फरशीवर पडलं की तुकडाच. आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी कधीच ओतायचं नाही. शेजारच्या काकूंच्या चांगल्या जुन्या तव्याला असाच कडेपर्यंत तडा गेला, तो काही सांधता येत नाही.

नवीन तव्याला गंज लागू नये म्हणून तेल फासलेलं असतं, ते गरम पाणी आणि साबणाने दोनदा घासून काढलं. सिझनिंगला मी व्हिडिओ बघून जवसाचं तेल वापरलं, सुरुवातीला काळाभोर चकचकीत दिसला, फार आनंद झाला, आणि तीन आठवड्यांत त्याचे पापुद्रे सुटून घावनाला चिकटायला लागले. सगळं खरवडून परत पहिल्यापासून केलं, या वेळी साधं शेंगदाण्याचं तेल. सासूबाई वेंगुर्ल्याच्या, त्यांनी हात धरून दाखवलं की तेल लावायचं आणि मग सुक्या फडक्याने पुसून काढायचं, इतकं की तवा कोरडा वाटला पाहिजे, मग धूर येईपर्यंत तापवायचा, गार होऊ द्यायचा, परत तेच. असं पाच वेळा. तेल जास्त राहिलं की तवा चिकट होतो, कारण जाड थर नीट वाळत नाही. पातळ थर तापला की त्याचं तेलपण जातं आणि तो रंगासारखा घट्ट बसतो, सिझनिंग म्हणजे हेच.

म्हणूनच तो साबणाने निघत नाही! मी पहिले दोन महिने भीतीने साबण लावलाच नाही आणि तव्याला कालच्या कांद्याचा वास यायचा. आता भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब आणि मऊ स्क्रबर, तवा कोमट असतानाच, काही होत नाही. तारेची घासणी मात्र नको. काही चिकटलंच तर खडे मीठ टाकून नारळाच्या शेंडीने घासते, मासे केल्यावर तर हेच.

बिडाला धुण्याने काही होत नाही, ओलं राहण्याने होतं. नुसतं पुसून ठेवलं तर जुलैमध्ये सकाळी तांबूस डाग हमखास, मला तीनदा आले. तेव्हापासून धुतला की लगेच बारीक गॅसवर दोन-तीन मिनिटं, पाणी पूर्ण उडालं की तेलाचं बोट फिरवून पुसून टाकते, एवढंच. नळाखाली भिजत ठेवायचा नाही, निथळायला जाळीवर तर अजिबात नाही. डाग आलेच तर घाबरू नका, मीठ-तेलाने घासायचं, धुवायचं, तापवायचं, परत एक हात सिझनिंगचा.

एप्रिलमध्ये सुरमई आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून तळली, तेवढ्यापुरती छान झाली पण मसाला तव्यावर तसाच तासभर राहिला आणि मधला भाग करडा पडला, उरलेल्या मसाल्याला लोखंडाची चव. आंबट गोष्टी मुरलेल्या तव्यावर पटकन करून काढून घेतल्या तर चालतात, चिंचेची आमटी वगैरे शिजवत ठेवायची नाही. आणि गणपतीला दहा दिवस गावी गेलो तेव्हा जपून ठेवावा म्हणून भरपूर तेल लावून गेले, परत आले तर खवट वास आणि धूळ चिकटलेली. बरेच दिवस ठेवायचा असेल तर तेल नावालाच, वर कागद गुंडाळून कोरड्या कपाटात.

घावनांबद्दल लिहायलाच हवं कारण त्यासाठीच घेतला. नॉनस्टिकवरच्या घावनाला जाळी अशी पडतच नव्हती, इथे पीठ पडलं की चर्र आवाज येतो आणि भराभर भोकं. पण तवा आधी बारीक आचेवर सहा-सात मिनिटं तापू द्यावाच लागतो, बीड उष्णता धरून ठेवतं पण पसरवतं सावकाश, मोठ्या गॅसवर घाई केली की मधे करपतं आणि कडेला कच्चं. तेल लावायला अर्धा कांदा काट्यात टोचून घेते. पहिलं घावन अजूनही कधीकधी चिकटतं, दुसऱ्यापासून हात न लावता कडा सुटतात. आंबोळ्या, थालीपीठ, धिरडी सगळं होतं, इंडक्शनवरही चालतो.

तक्रार फक्त वजनाची. सासूबाईंच्या मनगटाला झेपत नाही, दांडाही सणसणीत तापतो, त्यामुळे त्यांना घावनं करायची असली की तवा गॅसवर मी चढवून देते आणि उतरवायलाही मीच जाते. घरात वयस्कर कोणी स्वयंपाक करत असेल तर 8 इंची, दोन्ही बाजूंना कान असलेला घ्या.