लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड: आठ महिने वापरल्यावर

"भिया, कार्ड बदल देंगे, दो दिन दो," असं इथल्या एका दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं. पाचशे रुपये घेऊन लॅपटॉप उघडला आणि मग म्हणाला, "ये तो बोर्ड में ही है!" चूक माझीही होती. हल्ली जवळपास सगळ्या लॅपटॉपांत ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. पूर्वी काही जाडजूड मॉडेलांत एमएक्सएम नावाचं सुटं, बदलता येणारं कार्ड यायचं, तेही आता क्वचितच. रॅम वाढवा, एसएसडी टाका, त्यापुढे आपला हात पोचत नाही.

मी इंदूरला रामबागेत राहतो, लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. लॅपटॉप २०१९चा, ग्राफिक्स चिप एमएक्स२५०, तिची मेमरी २ जीबी. ४के क्लिपवर कलर (रंग सुधारण्याचं काम) करायला घेतलं की दा विंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स चिपची, मेमरी भरल्याचं सांगून हात वर करायचं. नशिबानं टाइप-सी पोर्टशेजारी विजेची खूण होती, म्हणजे थंडरबोल्ट ३, बाहेरचं कार्ड जोडता येईल असं वेगवान पोर्ट. (नुसतं टाइप-सी असून भागत नाही, हे आधी बघा.) सेकंडहँड ईजीपीयू बॉक्स (ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपबाहेर बसवायचा डबा) आणि १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कार्ड, दोन्ही मिळून साडेपस्तीस हजार गेले.

पहिल्या संध्याकाळी जोडलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, एरर १२, म्हणजे नव्या कार्डासाठी विंडोजकडे पुरेशी संसाधनं मोकळी नाहीत. रात्री दीडपर्यंत ड्रायव्हर काढले-घातले. शेवटी आतली एमएक्स२५० डिसेबल केली आणि मोठं कार्ड मुकाट्यानं चालू झालं.

एडिटिंगला पैसे वसूल. मेमरीची कुरकुर बंद, ज्या टीझरच्या रेंडरला (अंतिम फाइल तयार व्हायला) पाऊण तास लागायचा तो आता पंधरा मिनिटांत होतो. गेमिंगचं मात्र वेगळं. डेस्कटॉपमध्ये कार्डाला सोळा लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) मिळतात, इथे चारच. त्यातून लॅपटॉपच्याच स्क्रीनवर खेळलात तर तयार झालेलं चित्र त्याच केबलनं परत यायचं. दिवाळीला भाचा आला होता, त्याचा गेम स्क्रीनवर अडखळत होता. मॉनिटर थेट कार्डाला जोडल्यावर बराच सुधारला.

त्रासही आहेत. केबल अर्ध्या मीटरची, त्यामुळे बॉक्स लॅपटॉपला चिकटूनच ठेवावा लागतो. चालू कामात ती एकदा निसटली, सगळं गोठलं आणि अर्ध्या तासाचं काम गेलं. वीज गेली की घरचा इन्व्हर्टर रेंडरच्या भारानं कोकलायला लागतो, मग आई आधी माझ्या खोलीत डोकावते.

थंडरबोल्टवाला लॅपटॉप हाताशी असेल तर हा उद्योग करा. त्यासाठी नवा लॅपटॉप घेणार असाल तर त्या पैशांत सरळ डेस्कटॉप जुळवा.

गेल्या महिन्यात देवासला लग्न होतं. संध्याकाळीच क्लिप हवी म्हणाले, म्हणून बॉक्स घरी ठेवून नुसता लॅपटॉप नेला. मंगल कार्यालयात टाइमलाइन जागची हलेना. तासभर घाम गाळल्यावर आठवलं, एमएक्स२५० डिसेबलच होती. आता लॅपटॉपच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली आहे: "निघताना आतली चिप चालू कर."