पन्नाशीत शिकायला घेतलेली पेटी : वर्षभराच्या वापरानंतर

बाजाची पेटी लहानपणी राहून गेली आणि आता पोरं मोठी झाल्यावर शिकायची आहे, अशांसाठी हे लिहितोय. मी अमळनेरचा, धंदा बी-बियाणे-खतांचा. घरात कोणी वाजवणारं नाही. पेटी घरी आली तेव्हा आईचा पहिला प्रश्न, "भाऊ, आते या वयमा तुले काय गवय्या व्हवानं शे का?" आता संध्याकाळी दुकान बंद करून यायला उशीर झाला तर तीच विचारते, आज वाजवणार नाही का म्हणून.

पेटी साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची. डबल रीड, म्हणजे प्रत्येक पट्टीला खर्ज (जाड आवाजाचा) आणि नर (त्याहून उंच) अशी सुरांची जोडी. पेटीतल्या पितळी रीडलाच सूर म्हणतात. वजन दहा किलोच्या आसपास, किंमत सोळा हजार. स्केल चेंजर नाही. दुकानदार स्केल चेंजरसाठी फार मागे लागला होता. त्यात पट्ट्यांचा अख्खा पाटा सरकवता येतो, त्यामुळे बोटं तीच ठेवून वेगळ्या पट्टीत, म्हणजे सा वर-खाली करून, वाजवता येतं. भजनी मंडळाला साथ करणाऱ्याची त्याने मोठी सोय होते, कारण बुवा आज काळी एकला (पहिल्या काळ्या पट्टीचा सा धरून) गातील, उद्या काळी चारला. पण शिकणाऱ्याला त्याचं काय करायचंय? वजन वाढतं, यंत्रणा वाढते, हवा गळायला जागा वाढतात. क्लासच्या सरांनी सरळ सांगितलं, तेच पैसे चांगल्या सुरांवर घाला. हा सल्ला लाखमोलाचा निघाला.

क्लासमध्ये माझ्याबरोबर सगळी शाळकरी पोरं. त्यांना प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा द्यायच्या असतात. बोटं भराभर पळतात, पण चुकीची पट्टी दाबली गेली तर पत्ता नसतो, सरांनी डोळे वटारले की कळतं. माझं नेमकं उलटं. इतकी वर्षं काकड्याला, सप्ताहाला बसून भजनं कानात मुरलेली, त्यामुळे बोट चुकलं की सरांच्या आधी मलाच टोचतं. कान पुढे आणि बोटं मागे, ही मोठेपणी शिकण्याची खरी अडचण. म्हणूनच "शिकायलाच तर हवी, कुठलीही चालेल" हे मला पटत नाही. पोराला एक वेळ बेसूर पेटी चालून जाते, मोठा माणूस तिच्यावर आठवडाभरात वैतागतो. वर, चूक आपल्या बोटाची की पेटीची, हेच समजत नाही.

बोटांचं म्हणाल तर पांढरी एकच्या सरळ सप्तकात गंधारानंतर अंगठा बोटांखालून सरकवून मध्यमावर आणायचा असतो. वाचायला एक ओळ, हातात बसायला पावसाळा गेला. काळी एक घेतली की बोटांची सगळी मांडणी पुन्हा नव्याने. डाव्या हाताने भाता एकसारखा हलवणं त्याहून अवघड. सुरुवातीला मी हातपंप मारल्यासारखा मारायचो, सूर फुगायचा आणि बसायचा. गुडघे कुरकुरत असतील तर खाली बसायचा हट्ट नको. पेटी टेबलावर, आपण खुर्चीत, काही बिघडत नाही.

मोबाइलवर तानपुरा लावून वाजवायला लागलो तेव्हा एक गंमत कळली. सा आणि पंचम छान मिसळायचे, शुद्ध गंधार मात्र जरा चढा वाटायचा. पेटी बिघडली असं वाटून सरांकडे नेली. ते हसले. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग करून सूर लावलेले असतात, त्यामुळे गंधार तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा थोडा चढाच राहतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, तेही पेटीत निघत नाही, प्रत्येक सूर सुटा. अशाच आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं. मला त्याचं दुःख नाही, पण हे आधीच माहीत असलेलं बरं.

आपल्या खान्देशातल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, घरोघरी कूलर चालू. त्याच्या ओल्या हवेसमोर पेटी ठेवली की लाकूड फुगतं आणि पट्टी दाबली की खालीच राहते. माझ्या पेटीचा मंद्र (खालच्या सप्तकातला) धैवत असाच अडकायचा. दुसऱ्या खोलीत, कपाटात ठेवायला लागल्यावर सुटला. गच्चीच्या खोलीतली कोरडी धग तितकीच वाईट, तिने सांधे उघडतात. धूळही आहेच. पितळी सुराच्या जिभेखाली बारीक कण अडकला की तो सूर घरघरतो किंवा मुका होतो. पातळ कागद हलक्या हाताने जिभेखालून फिरवला की कण निघतो. पण सूर घासायच्या भानगडीत पडू नका. टोकाशी घासला तर चढतो, मुळाशी घासला तर उतरतो, आणि ते काम कारागिराचंच.

राग-बिग अजून दूर आहेत. पण श्रावणात कानबाई (आमच्या खान्देशातली देवी) बसली तेव्हा बायकांच्या गाण्यांना साथ केली. त्या चाली चार-पाच सुरांतच फिरतात, त्यामुळे नवख्यालाही धरता येतात. अडचण पट्टीची आली. बायका उंच धरतात, माझी बोटं पांढरी एकला सरावलेली. तेवढ्यापुरती स्केल चेंजरची आठवण झाली, खोटं कशाला बोलू.

जुनी पेटी घेत असाल तर सुरांना हवा देणारे स्टॉप (समोरच्या ओढायच्या खुंट्या) उघडा, पट्टी न दाबता एकच सूर धरून ठेवणारे मात्र बंद ठेवा, भाता भरा आणि एकही पट्टी न दाबता थांबा. सूर आपोआप वाजला किंवा भाता भरभर बसला तर हवा गळतेय. मग एकेक पट्टी, काळ्यासुद्धा, अगदी हळू भात्यावर वाजवून बघा. उशिरा बोलणारा सूर तिथेच सापडतो. विकणारा घाई करत असेल तर दुसऱ्या दिवशी सरांना घेऊन जा.