सुन्नाह डॉट कॉम : हदीस शोधण्यासाठी उत्तम, पण कुरआन शेजारी उघडा असू द्या

हदीसचे मूळ शब्द, त्याचा ग्रंथ आणि क्रमांक तपासण्यासाठी आज जी साधने सहज उपलब्ध आहेत, त्यांत सुन्नाह डॉट कॉम या संकेतस्थळाचा क्रम माझ्या मते बराच वरचा आहे. बुखारी, मुस्लिम, अबू दाऊद, तिरमिजी, नसाई आणि इब्ने माजा हे सुन्नी परंपरेतील सहा प्रमुख संग्रह, त्यांखेरीज इमाम मालिक यांचा मुवत्ता, चाळीस हदीसचे छोटे संग्रह आणि इतरही बरेच काही येथे अरबी मूळ व इंग्रजी अनुवादासह विनामूल्य वाचता येते. मोबाइलवर फिरणारा एखादा संदेश खरोखरच पैगंबरांचे (स.) वचन आहे की कोणीतरी रचलेले वाक्य, याचा प्राथमिक पडताळा येथे काही क्षणांत घेता येतो आणि तेवढ्या एका उपयोगासाठीही हे संकेतस्थळ प्रत्येक अभ्यासकाच्या हाताशी असायला हवे.

माझा भर मात्र वेगळ्या उपयोगावर आहे. मुसलमानांच्या श्रद्धेनुसार कुरआन हे अल्लाहचे शब्द आहेत आणि हदीस हे पैगंबरांचे बोलणे, वागणे व मूक संमती यांचे वृत्त आहे. कुरआनचे स्थान पहिले; परंतु हदीसचा अधिकारही कुरआनमधूनच येतो, कारण लोकांसाठी जे अवतरले ते त्यांना स्पष्ट करून सांगण्याचे काम कुरआननेच (१६:४४) पैगंबरांकडे सोपवले आहे. नमाज कायम करण्याची आज्ञा कुरआनमध्ये वारंवार येते, पण कोणत्या वेळेस किती रकात (नमाजचे एकेक आवर्तन) पढाव्यात हे तेथे सांगितलेले नाही. ‘मला जशी नमाज पढताना पाहिले, तशी पढा’ हे वचन बुखारीत ६३१ क्रमांकावर आहे. जकातचेही, म्हणजे संपत्तीतून द्यायच्या सक्तीच्या दानाचेही, तसेच आहे. दोनशे दिरहम चांदीवर पाच दिरहम हे प्रमाण हदीसमधून मिळते, कुरआनमध्ये दर दिलेला नाही.

हे नाते समजून घेण्यासाठी या संकेतस्थळावरील सर्वांत मोलाची गोष्ट शोधपेटी नसून बुखारीतील प्रकरणांची शीर्षके आहेत, असे मला ठामपणे वाटते. इमाम बुखारी (८१० ते ८७०) यांनी अनेक प्रकरणांच्या शीर्षकातच आयत, म्हणजे कुरआनमधील वचन, दिली आहे आणि संकेतस्थळाने ती शीर्षके जशीच्या तशी ठेवली आहेत. अगदी पहिले पान उघडा : ‘कर्मे हेतूवर अवलंबून असतात’ ही प्रसिद्ध हदीस सुरू होण्यापूर्वी नूह आणि त्यांच्यानंतरच्या पैगंबरांप्रमाणेच तुमच्याकडेही वही (ईश्वरी संदेश) पाठवली, असे सांगणारी सूरह निसाची, म्हणजे कुरआनच्या त्या अध्यायातील, आयत (४:१६३) तेथे दिसते. हदीस वाचणाऱ्याने कुरआनच्या दारातूनच आत यावे, ही त्या रचनेमागची दृष्टी आहे. शोधपेटीत शब्द घालून थेट एका हदीसवर उतरणाऱ्या वाचकाच्या नजरेतून नेमके हेच शीर्षक निसटते; म्हणून हदीस सापडल्यावर ती ज्या प्रकरणात आहे ते प्रकरण उघडून वाचण्याची सवय लावावी.

रोजाविषयीचे प्रकरण या दृष्टीने अवश्य पाहण्यासारखे आहे. पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा आणि प्या, असे सूरह बकरामध्ये (२:१८७) म्हटले आहे. अदी बिन हातिम यांनी ही आयत ऐकून एक काळी व एक पांढरी दोरी उशीखाली ठेवली आणि रात्रभर ते त्यांकडे पाहत राहिले, पण त्यांना काही उलगडेना. सकाळी त्यांनी पैगंबरांना सांगितले, तेव्हा याचा अर्थ रात्रीचा अंधार आणि पहाटेचा उजेड असा आहे, हे त्यांना समजले (बुखारी १९१६). अरबी ही ज्यांची मातृभाषा होती, पैगंबरांचा सहवास ज्यांना लाभला होता, त्यांनाही स्पष्टीकरणाची गरज पडली. ‘आम्हाला केवळ कुरआन पुरेसा आहे’ असे म्हणणाऱ्यांनी ही एक हदीस तरी शांतपणे वाचावी, असे मला मनापासून वाटते.

हदीसच्या खाली तिचा दर्जा, म्हणजे सहीह (अस्सल), हसन (स्वीकारार्ह) किंवा जईफ (कमकुवत), दिलेला असतो. बुखारी व मुस्लिम यांच्या बाबतीत तो स्वतंत्रपणे दाखवलेला नसतो, कारण सुन्नी विद्वानांनी ते संग्रह एकंदरीत सहीह मानले आहेत. इतर ग्रंथांत दर्जापुढे तो ठरवणाऱ्याचे नाव असते आणि ते नाव वाचणे फार आवश्यक आहे. आपले सहकारी मुआज बिन जबल यांना यमनला पाठवताना पैगंबरांनी ‘निवाडा कशाच्या आधारे कराल?’ असे विचारले. त्यांनी आधी अल्लाहचा ग्रंथ, मग पैगंबरांची सुन्नत (आचरणाची रीत) आणि दोहोंत न सापडल्यास स्वतःचा विचार, असा क्रम सांगितला. कुरआन आणि हदीस यांच्या नात्यावर बोलताना ही हदीस वारंवार उद्धृत होते, आणि अबू दाऊदमधील तिच्या पानावर (३५९२) विसाव्या शतकातील हदीस-अभ्यासक शेख अल्बानी यांच्या नावाने ‘जईफ’ असा शेरा आहे. तिच्या सनदेत, म्हणजे ती सांगत आलेल्यांच्या नावांच्या साखळीत, मुआज यांच्या हिम्स येथील काही साथीदारांची नावेच नाहीत आणि तिरमिजी यांनीही ही सनद अखंड नसल्याचे नोंदवले आहे; तरीही खतीब बगदादी आणि इब्नुल कय्यिम यांच्यासारख्या विद्वानांनी तिचा आशय स्वीकारलेला आहे. केवळ शेरा पाहून हदीस बाजूला सारणारा वाचक या सगळ्या चर्चेला मुकतो. इंग्रजी अनुवादात सनद बहुधा शेवटच्या रावीपुरतीच (कथन करणाऱ्यापुरतीच) उरते, त्यामुळे ज्याला अरबी वाचता येते त्याने नावांची साखळी मूळातच पाहावी.

संकेतस्थळाच्या माहितीपानावर एक सूचना आहे आणि ती मला प्रामाणिकपणाची वाटली : एकट्या हदीसवरून शरियतचा निर्णय काढू नये, त्यासाठी फिकहचे (इस्लामी कायदेशास्त्राचे) नियम जाणणाऱ्या विद्वानांची गरज असते. कोकणातील बहुसंख्य मुसलमान शाफई मसलकाचे (फिकहच्या एका परंपरेचे) आहेत आणि राज्यात इतरत्र हनफी या दुसऱ्या परंपरेचे मोठ्या संख्येने आहेत. नमाजमध्ये हात कोठे बांधावेत यासारख्या प्रश्नावर एकेक हदीस शोधून परस्परांना चूक ठरवण्यापेक्षा ती हदीस आपल्या मौलानांसमोर ठेवून तिचा आधार विचारणे अधिक फलदायी आहे.

येथे मराठी अनुवाद नाही, ही उणीव मोठी आहे. उर्दू अनुवादही काही संग्रहांपुरताच आहे. शिया परंपरेचे हदीससंग्रह येथे नाहीत, हेही वाचकाने आधीच जाणून घ्यावे. हदीस उद्धृत करताना जुना खंडनिहाय इंग्रजी क्रमांक न घेता ‘रेफरन्स’ या शब्दापुढील क्रमांकच लिहावा. दोन्ही क्रमांक एकाच पानावर असल्यामुळे घोटाळा होण्याची शक्यता असते. नव्या वाचकाने सुरुवात बुखारीतील तफसीरच्या (कुरआनच्या स्पष्टीकरणाच्या) विभागापासून करावी, कारण तेथे हदीसची मांडणीच कुरआनच्या सूरहांच्या क्रमाने केलेली आहे.