कलावंतांच्या हक्कांवरील निबंधस्पर्धा: कलम ५७ निवडावे की कलम ३८-अ?

विधी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी कलावंतांच्या हक्कांवर निबंधस्पर्धा जाहीर झाली की विषयनिवडीतच निम्मा वेळ जातो. नाशिकमध्ये राहून अशा स्पर्धेसाठी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे कॉपीराइट कायदा, १९५७ मधील दोन विषय प्रामुख्याने येतात. पहिला म्हणजे कलम ५७, ज्यानुसार निर्मात्याला आपल्या कृतीवर आपले नाव असावे आणि तिची विटंबना होऊ नये असा आग्रह धरता येतो. दुसरा म्हणजे कलम ३८-अ, ज्यात गायक, वादक, नट, नर्तक अशा सादरकर्त्यांचे हक्क येतात. दोन्ही विषय मोलाचे आहेत, पण त्यांना लागणारी तयारी अगदी वेगळी आहे, आणि ती आधी ओळखली नाही तर निबंध अर्ध्यावर अडतो.

कलम ५७ चे मोठे बळ म्हणजे त्यावरील निवाडे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडवलेले भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून कोठारात टाकण्यात आले आणि त्याचे काही भाग नाहीसे झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये उरलेले शिल्प त्यांना परत करण्याचा आदेश दिला, शिवाय पाच लाख रुपयांची भरपाई देवविली. कृतीचा नाश हेच तिच्या विरूपीकरणाचे टोकाचे रूप होय, हा विचार तेथे आला. याउलट, प्रगती मैदानातील ‘हॉल ऑफ नेशन्स’ २०१७ मध्ये पाडला गेला, तेव्हा त्याचे वास्तुरचनाकार राज रेवाल यांचा दावा त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळला आणि जागेच्या मालकाचा आपली इमारत पाडण्याचा अधिकार वरचढ ठरवला. या दोन निवाड्यांतील ताण हाच निबंधाचा कणा होऊ शकतो. तुलनेसाठी अमेरिकेतील १९९० चा दृश्यकलावंतांच्या हक्कांचा कायदा हाताशी आहे, आणि न्यूयॉर्कमधील ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या इमारतीवरील भित्तिचित्रे पुसल्याबद्दल तेथील चित्रकारांना मिळालेली ६७ लाख ५० हजार डॉलरची भरपाई २०२० मध्ये अपिलातही कायम राहिली.

अडचण अशी की हे सर्व साहित्य प्रत्येक स्पर्धकाला तितक्याच सहज मिळते. सहगल निवाड्याचा सारांश देणारे निबंध परीक्षकांनी पुष्कळ वाचलेले असतात. म्हणून कलम ५७ घ्यायचे असेल तर त्यातील एखादाच अरुंद प्रश्न धरावा, आणि तसे दोन प्रश्न नाशिकमध्ये बसूनच सुचण्यासारखे आहेत.

पहिला प्रश्न सार्वजनिक भिंतींचा आहे. सिंहस्थाच्या निमित्ताने महापालिकेने एखाद्या चित्रकाराकडून चौकातील भिंत रंगवून घेतली, असे धरू. कलम १७ (घघ) नुसार, कायद्याने स्थापन झालेल्या निगम संस्थेच्या निर्देशाखाली वा नियंत्रणाखाली झालेल्या कृतीची पहिली मालकी, विरुद्ध करार नसेल तर, त्या संस्थेकडे जाते. महापालिका या व्याख्येत बसते असा युक्तिवाद भक्कमपणे करता येतो. मात्र कलम ५७ चा अधिकार कॉपीराइट दुसऱ्याकडे गेल्यानंतरही निर्मात्याकडेच राहतो. मग उद्या रस्तारुंदीकरणात ती भिंत पडली तर ते सहगल प्रकरण ठरेल की रेवाल प्रकरण? येथे कायद्याचे उत्तर खरोखरच अनिश्चित आहे आणि विद्यार्थ्याला स्वतःचे मत मांडायला जागा आहे.

दुसरा प्रश्न मुदतीचा आहे. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ मध्ये झाले. निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा नियम लावला, तर त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील कॉपीराइट २०५९ च्या अखेरीस संपेल. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५७ मधील कॉपीराइटच्या मुदतीची अट काढून टाकली. त्यानंतर वारसांनी किती काळ आणि कोणत्या निकषावर आक्षेप घ्यावा, हा प्रश्न ज्या शहराला कुसुमाग्रज आपले वाटतात तेथील विद्यार्थ्याने हाती घेतला तर मला फार आनंद होईल.

आता कलम ३८-अ. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये चित्रपटसंगीताच्या वादात निर्णय देताना गायकाला कायद्यात हक्क नसल्याची खंत न्या. कृष्ण अय्यर यांच्या टिपणीतून व्यक्त झाली होती. सादरकर्त्यांना विशेष हक्क मिळाले ते १९९४ च्या दुरुस्तीने, आणि ते आजच्या स्वरूपात आले ते २१ जून २०१२ पासून. ध्वनिमुद्रण, चित्रीकरण, प्रती काढणे, प्रसारण यांवर सादरकर्त्याचा अधिकार असतो आणि तो ५० वर्षे टिकतो. लेखी कराराने चित्रपटात सादरीकरण दिले की, विरुद्ध करार नसेल तर, सादरकर्त्याला चित्रपटाच्या निर्मात्याला अडवता येत नाही. तरीही व्यावसायिक वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क उरतोच, असे त्याच कलमाचे परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, सांगते.

या विषयावर निवाडे थोडे आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने नेहा भसीन यांच्या प्रकरणात २००६ मध्ये स्टुडिओत गायलेले गाणेही ‘जिवंत सादरीकरण’च मानले, हा त्यांतील महत्त्वाचा. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली, पण तिचा मुख्य आधार व्यक्तिमत्त्वाचे हक्क, म्हणजे आपले नाव, चेहरा, आवाज यांच्या वापरावरील हक्क, हा होता. सादरकर्त्याचे हक्क आणि व्यक्तिमत्त्वाचे हक्क या दोन्ही संकल्पना एकाच परिच्छेदात मिसळल्या की निबंधाची धार जाते, आणि हा दोष या विषयात सर्रास आढळतो. निवाडे कमी असल्यामुळे २०१२ च्या दुरुस्तीबाबतचा संसदेच्या स्थायी समितीचा २२७ वा अहवाल आणि त्या दुरुस्तीवरील चर्चा यांवर अधिक विसंबावे लागते. हे वाचन कष्टाचे आहे, पण त्यातून कायद्याचा हेतू जितका उलगडतो तितका एखाद्या निवाड्यातून क्वचितच उलगडतो.

नाशिकच्या विद्यार्थ्याला या विषयात मिळणारी संधी मात्र मोठी आहे. कालिदास कलामंदिरात गाणारे कलावंत, भजनी मंडळे, वाद्यवृंदातील वादक आणि दूरदूर बोलावली जाणारी ढोलपथके हे सर्व कायद्याच्या अर्थाने सादरकर्ते ठरू शकतात. त्यांपैकी बहुतेकांना ठरलेली बिदागी मिळते आणि कार्यक्रमाचे चित्रीकरण आयोजक परस्पर इंटरनेटवर टाकतो. त्यासाठी संमती कोणी दिली? शंभर वादकांच्या पथकात ती प्रमुखाने दिली तर इतरांवर बंधनकारक ठरते का? कायद्यातील व्याख्या ‘एक किंवा अधिक’ सादरकर्त्यांचा उल्लेख करते, परंतु पथकाच्या सामूहिक संमतीची रीत सांगत नाही. काही कलावंतांशी बोलून, त्यांची परवानगी घेऊन आणि नावे न देता त्यांच्या करारांतील अटी अभ्यासल्या, तर हाती येणारे साहित्य दुसऱ्या कोणत्याही स्पर्धकाकडे नसेल. कित्येकांकडे लेखी करारच नसतो, आणि हे नोंदवणे हाही संशोधनाचाच भाग आहे.

तिसरा पर्याय म्हणून काही जण कलम ५३-अ सुचवतात. मूळ चित्र, शिल्प किंवा हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर निर्मात्याला त्यात वाटा मिळतो, आणि तो दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसतो. गोदाघाटाची जलरंगचित्रे विकणाऱ्या चित्रकारांसाठी ही तरतूद आकर्षक वाटते. परंतु पुनर्विक्रीचे व्यवहार खासगीत होतात, कलावंताला त्यांची वार्ताही लागत नाही आणि भारतीय निवाड्यांचा आधार अगदी तुटपुंजा आहे. फ्रान्समध्ये हा हक्क १९२० पासून आहे, त्यामुळे निबंध बहुतांशी परदेशी कायद्यावर उभा राहील. स्पर्धेने तुलनात्मक कायदा हाच विषय दिला असेल तरच हा पर्याय घ्यावा.

मुदतीला दोन महिने किंवा अधिक असतील आणि लोकांना भेटून बोलण्याची तयारी असेल, तर कलम ३८-अ निवडावे असे माझे स्पष्ट मत आहे. शिल्पकाराला विज्ञान भवन प्रकरणासारखा निवाडा तरी मिळाला आहे. गावोगावी वाजवणाऱ्या वादकाची बाजू अजून कोणी पुरेशी मांडलेली नाही, आणि ती मांडण्याची गरज अधिक आहे. वेळ तीन-चार आठवड्यांचाच असेल, किंवा परीक्षा तोंडावर असतील, तर कलम ५७ घेऊन भिंतीच्या एकाच प्रश्नावर लिहावे. दोन्ही कलमांना जोडणारे ३८-ब, म्हणजे सादरकर्त्याचा नावाचा आणि प्रतिष्ठेचा हक्क, दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते. चित्रफीत केवळ वेळेत बसवण्यासाठी कापली तर प्रतिष्ठेला बाधा येत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण सांगते. वादकांच्या चित्रफितींतील काटछाट कोणत्या कारणाने झाली, हे त्यांना विचारण्याचा प्रश्न पहिल्याच भेटीत यादीत असावा.