उदास मनासाठी: आहारात सुधारणा की पूरक गोळ्या?

सततचा थकवा आणि चिडचिड यांनी त्रासलेल्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीला जेवण सुधारावे की जीवनसत्त्वांच्या गोळ्या सुरू कराव्यात, हे ठरवता येत नव्हते.

पुराव्याचे पारडे आहाराकडे झुकते. ऑस्ट्रेलियात नैराश्य असलेल्या 18 ते 25 वयाच्या 72 तरुण पुरुषांवरील, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भाज्या, कडधान्ये, मासे आणि सुकामेवा यांवर भर देणारा भूमध्यसागरी आहार 12 आठवडे घेणाऱ्यांची लक्षणे दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाली. अर्थात आपण काय खातो हे सहभागींना ठाऊक असतेच, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम पूर्णपणे वगळता येत नाही. उलट 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 1,025 जादा वजनाच्या प्रौढांवरील युरोपीय चाचणीत वर्षभर घेतलेल्या पूरक गोळ्यांनी नैराश्य टळले नाही. ते सहभागी किशोरवयीन नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे.

श्रमांत गोळी सरस ठरते, कारण किशोरवयात स्वयंपाकघराचा ताबा बहुधा दुसऱ्याकडे असतो. धोका मात्र दोन्हींत आहे: लोह किंवा ड जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर घेतल्यास अपाय होतो, तर खाण्याचे कडक नियम आहारविकाराकडे झुकलेल्या मुलांना अधिक खोलात नेऊ शकतात.

रक्ततपासणीत लोह, ड किंवा ब-12 यांची कमतरता आढळली असेल, तर डॉक्टरांनी ठरवलेली गोळी घ्यावी. तपासणी ठीक असून जेवणाच्या वेळा चुकत असतील, तर न्याहारीपासून सुरुवात करावी. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास दोन्ही पर्याय उपचारांना जोड म्हणूनच योग्य आहेत.