उलानबातरचा फ्लॅट की आर्खांगायचं गेर?

मंगोलियन भाषा शिकायला जाणाऱ्यांना स्थानिक कुटुंबात राहायचं असेल तर बहुतेक वेळा दोन पर्याय असतात. एक, राजधानी उलानबातरमधला कुटुंबाचा फ्लॅट. दुसरा, गुरंढोरं पाळणाऱ्यांचं गेर, म्हणजे लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू. मी दोन्हीकडे राहिलोय. हिवाळा शहरात काढला, उन्हाळा आर्खांगाय या मध्य मंगोलियातल्या प्रांतात.

फ्लॅटची सोय मोठी आहे. बाहेर उणे ३० असताना औष्णिक केंद्रातून पाइपांनी येणाऱ्या गरम पाण्यामुळे मी घरात टी-शर्टवर असायचो. खिडकी मात्र उघडवत नसे. २०१९ मध्ये शहरात कच्च्या कोळशावर बंदी आली, तरी मी होतो त्या भागात संध्याकाळी धुराचा वास यायचाच. पण स्वतःचं दार लावून घेता येतं, आठवणीनं नेलेल्या डाळीचं वरण करता येतं. मटण खात नसाल तर हा मुद्दा लहान नाही.

माझं अडलं ते भाषेपाशी. घरातली मुलगी नववीत, इंग्रजी उत्तम. जेवणाच्या टेबलावर मी ‘उद्या मला उशीर होईल’ एवढं जुळवत असायचो. निम्म्यावर अडखळलो की एग्च (म्हणजे ताई, तिच्या आईला मी तेच म्हणायचो) लेकीकडे बघायच्या आणि ती पटकन इंग्रजीत विचारून मोकळी व्हायची. पाहुण्याला त्रास नको ही त्यांची माया होती, म्हणून ‘थांब, मला बोलू दे’ असं म्हणायला कधी जीभ रेटली नाही. पाच महिन्यांनंतरही बाजारात भाव विचारण्यापलीकडे माझी गाडी गेली नव्हती.

गेरमध्ये इंग्रजी कोणालाच येत नव्हतं. पहिल्याच सकाळी आजींनी, एमेंनी, खारट दुधाच्या चहाचा वाडगा पुढे केला. मी डावा हात काढला तशी त्यांनी माझं मनगट धरलं, उजवा हात पुढे घेतला आणि डावा त्याच्या कोपराखाली टेकवला. शब्द एकच उच्चारला, ‘इंगेज’, म्हणजे ‘असं’. दिवसभरात तो मी पन्नासदा तरी ऐकला असेल.

संध्याकाळी धारा काढताना वासरू धरणं माझ्याकडे असे. आधी त्याला दोन घोट पिऊ द्यायचं, गाईला पान्हा फुटला की ओढून बाजूला धरायचं. तेव्हाच एमेंनी एकेकाकडे बोट दाखवून नावं शिकवली: खुर्गा, इशिग, तुगल, उनागा. मी उलट सांगितलं: कोकरू, करडू, वासरू, शिंगरू. त्यांच्याकडे जशी प्रत्येक पिल्लाला वेगळी नावं तशी आपल्याकडेही आहेत, याचा त्यांना फार आनंद झाला. ‘करडू’ त्या रोज म्हणायच्या.

त्रास आहेच. सगळ्यांना मिळून एकच खोली, संडास लांब, रात्री बाहेर पडलं की कुत्र्यांची भीती, अंघोळ कधी होईल सांगता येत नाही. रात्री गारठा पडतो आणि पहाटे चुलीत आर्गल घालायला कोणीतरी उठावं लागतं. आर्गल म्हणजे कुरणात वाळलेलं शेण, न थापलेल्या गोवऱ्याच म्हणा. खाण्याचं मात्र उन्हाळ्यात बरं असतं. दुभत्याचे दिवस असतात, ओरोम म्हणजे जाड साय आणि वाळवलेल्या दह्याचे आरूल भरपूर मिळतात.

विद्यापीठाचे वर्ग असतील, लहान मूल सोबत असेल किंवा नियमित औषधपाणी चालू असेल, तर फ्लॅटच बरा. हिवाळ्यात गेरमध्ये राहायचा सल्ला मी नवख्याला देणार नाही. पण भाषेसाठीच जात असाल तर जून ते ऑगस्टमधला एक महिना तरी गेरमध्ये काढावा, असं मला मनापासून वाटतं. माझं बोलणं सुटलं ते तिथेच. आणि शहरातच राहावं लागलं, तर खोली केवढी आहे ते नंतर विचारा. आधी विचारा, घरात इंग्रजी कोणाला येतं?