हिवाळ्यात किनाऱ्यावर काय न्यावं: दोन लेन्सची पिशवी की एकच ब्रिज कॅमेरा?

दिवाळी सरली, हवा कोरडी झाली की अलिबागच्या बाजूला राहणाऱ्या किंवा वरचेवर येणाऱ्या हौशी माणसाला हा प्रश्न पडतोच. फोन पुरेनासा झालाय आणि खर्च एकदाच करायचाय. मग लेन्स बदलता येणाऱ्या, मोठ्या (एपीएस-सी) सेन्सरच्या बॉडीबरोबर १८-५५ ही जवळची आणि ५५-२५० ही लांबची (आकडे मिलिमीटरमधल्या पल्ल्याचे) अशी जोडी घ्यायची, की त्याहून लहान, एक इंची सेन्सरचा, २४ पासून ६०० पर्यंत जाणारी एकच लेन्स कायमची बसवलेला ब्रिज कॅमेरा? मी दोन्ही वापरलेत. आकडे तुम्ही बघितलेच असतील, त्यात शिरत नाही.

चित्राच्या प्रतीत बॉडी-लेन्स पुढे, यात वाद नको. जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास वर येतो. त्याआधीच्या निळसर उजेडात होड्या टिपायच्या असतील, किंवा हर्णै बंदरात तिन्हीसांजेला मासळीच्या लिलावातले चेहरे, तर ब्रिज कॅमेरा दाणेदार चित्र देतो. मागचा गोंधळ धूसर करून माणूस उठावदार करणंही त्याला तितकंसं जमत नाही. तुमचं मन अशाच फोटोंत रमत असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पण रोजची फेरी बहुतेक उन्हातली असते. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते. चतुर्थी-पंचमीला भरती तीन-पावणेचारला, म्हणजे ओहोटी नऊ-दहाच्या सुमारास. तेव्हा अलिबागजवळच्या आक्षीला लांबवर रेती उघडी पडते आणि पाण्याच्या कडेला कुरव, सुरय, चिखल्या, तुतवार चरत असतात. किनारा पश्चिमेला तोंड करून असल्याने सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून पक्ष्यांवर पडतं. अशा उजेडात दोन्ही कॅमेऱ्यांच्या फोटोंतला फरक मला तरी डोळे ताणल्याशिवाय दिसत नाही. उलट ५५-२५० सेन्सरच्या आकारामुळे वाढणारा पल्ला (क्रॉप) धरून चारशेपर्यंत पोचते, ब्रिजवाला तिथून आणखी पुढे जातो.

माझं गाडं अडलं ते लेन्स बदलण्यावर. पक्ष्यांसाठी लांबची लेन्स लावलेली असते आणि नेमकी तेव्हा घोडागाडी पाणी उडवत दहा पावलांवरून जाते. आता १८-५५ हवी. ओहोटीच्या रेतीवर पिशवी टेकवायला कोरडी जागा नाही. टेकवली की बूड भिजलंच. मग पिशवी खांद्याला लटकती, एका हातात उघडी बॉडी, दुसऱ्यात लेन्स, मागचं झाकण दातांत. बोटांना मिठाचा चिकटपणा आणि कपड्यांच्या शिवणीत बारीक रेती. एवढं होईतो गाडी कुलाबा किल्ल्याच्या वाटेला लागलेली असते.

त्याहून मोठा ताप घरी आल्यावर. हिवाळ्यातलं आभाळ म्हणजे ढगाचा टिपूस नाही, क्षितिजापाशी नुसतं पांढुरकं धुरकट. सेन्सरवर बसलेला कण अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, मोठं असताना (एफ/४ ला) दिसत नाही, पण ते मिटवून एफ/११ ला सूर्यास्त घेतला की उजव्या वरच्या कोपऱ्यात करडा ठिपका हजर. झाडीत किंवा बाजाराच्या गर्दीत तो लपून जातो, इथे लपायला काहीच नाही. हवेचा फुगा मारून गेला नाही. ओल्या स्वॅबने पुसला तर जागा बदलून मध्यभागी आला. रोजच्या फोटोंत रोज ठिपके पुसत बसायचं म्हणजे हौस कसली, वेठबिगारीच. शेवटी किनाऱ्यावर लेन्स बदलायचीच नाही असं ठरवलं, तर जी लेन्स घरी ठेवलेली, तिनेच टिपता येईल असं दृश्य रोज समोर येऊ लागलं.

ब्रिज कॅमेऱ्याने ही कटकट संपवली. गळ्यात एक पट्टा, दोन्ही हात मोकळे, शंभर फुटांवरचा तुतवार आणि पायाजवळचा खेकडा त्याच यंत्रात. त्याचेही नखरे आहेतच. मोटारीवर चालणारा झूम सावकाश सरकतो, त्यामुळे उडता कुरव चौकटीत आणेपर्यंत उडूनही जातो. आणि लेन्सची नळी आत-बाहेर होते, तेव्हा हवेबरोबर धूळही आत जाऊ शकते. ती एकदा आत बसली की घरच्या घरी साफसफाई नाही, अख्खं यंत्र उघडायला द्यावं लागतं. माझ्यावर अजून ती वेळ आलेली नाही, पण म्हणून तुमच्यावर येणारच नाही असं कसं म्हणू? सकाळी मतलई वारे असतात तोवर मी निर्धास्त वापरतो, दुपारी खारे वारे सुटून कोरडी रेती पायाला टोचू लागली की पिशवीत टाकतो. घरी आल्यावर जरा ओलसर फडक्याने नळी आणि बटणं पुसून घेतो.

बॉडी आधीच घरात असेल तर लगेच विकायची घाई नको. १८-१३५ सारखी एकच लेन्स लावून महिनाभर फिरून बघा. पक्ष्यांचा फार सोस नसेल तर तेवढ्यावर भागेलही. नव्याने घेणाऱ्याला मात्र मी ब्रिजच सुचवेन, आणि बजेट ताणत असेल तर वापरलेलाही चालेल. फक्त घेताना झूम पूर्ण बाहेर काढून परत आत घ्या आणि कान देऊन ऐका. रेती असेल तर करकर येते. मग अ‍ॅपर्चर शक्य तितकं मिटवून मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा, पडद्यावर मोठा करून चारही कोपरे तपासा, आणि मगच पैशाचं बोला.